पाणी निवळते कसे?

श्रोतेहो, मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदर नावाचे शहर आहे. एके काळी ही खेडी होती. शेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर तिथला माणूस जगत असे. १९८५ मध्ये तिथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पाहता पाहता मिठागरांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. या शहरातच सिल्व्हर पार्क नावाची वस्ती आहे. अशा वस्तीतल्या एखाद्या इमारतसमूहात पोहण्याचा तलाव आहे, असे धरून चाला. आज आपण त्या तलावाच्या काठावर थोडा वेळ उभे राहू, आणि मग तिथून थेट आपल्या गावच्या विहिरीवर येऊ.

पावसाळ्यात चार दिवस पंप बंद राहिला. वाऱ्याने पाने पडली, पावसाने गच्चीवरची धूळ वाहून आणली. पाचव्या दिवशी पाहावे तो पाणी हिरवेगार! राखणदाराने रात्री क्लोरीनची पूड टाकली. सकाळी हिरवा रंग नाहीसा झाला. पण पाणी नितळ काही झाले नाही, ताकासारखे पांढुरके झाले. मुले म्हणाली, "काका, हिरवे गेले ना? मग उतरू का आम्ही?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच दिले पाहिजे. का ते समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. हिरवे पाणी पांढरे होणे ही एक गोष्ट, पांढरे पाणी नितळ होणे ही दुसरी, आणि नितळ पाणी निर्धोक असणे ही तिसरी. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे कळायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

आधी शेवाळाविषयी. मिठागरात काम करणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. खाडीचे पाणी उथळ वाफ्यात घेऊन उन्हात उभे केले की पहिल्या वाफ्यांत त्याला हिरवट झाक येते. पुढे पुढे खारेपणा वाढला म्हणजे हिरवे जीव मागे पडतात आणि खाऱ्या पाण्याला तांबूस-गुलाबी रंग चढतो. हा रंगही अतिसूक्ष्म जीवांचाच असतो. मतलब असा, की पाणी उभे असले, ऊन भरपूर असले आणि खायला काही असले की तिथे कोणी ना कोणी वस्तीला येतेच. शेवाळाला जागा, ऊन आणि खत एवढेच पुरते. कुजकी पाने, साबणाचे पाणी, शेतातून वाहून आलेले खत, अंगाचा मळ, हे सारे त्याचे अन्न. पोहण्याचा तलाव बंद पडला की त्याला तिन्ही वस्तू फुकट मिळतात.

आता आपले पूर्वज गढूळ पाण्याचे काय करीत होते ते पाहा. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यांत निवळीचे बी आहे, गोमेद आहे, कमळाच्या देठाची गाठ आहे, वस्त्र आहे, मोती आणि स्फटिकही आहे. आणि गंमत अशी, की शेवाळाचे मूळही आहे. सुश्रुताने याच संदर्भात शेवाळाने झाकलेले, ऊन-वारा न लागणारे पाणी वाईट म्हणून सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत विहिरीचे गढूळ, कडवट पाणी सुधारण्यासाठी सुरमा, नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळीचे फळ यांची पूड टाकायला सांगितली आहे. कालिदासाला तर हे इतके परिचित होते, की शहाण्याच्या सहवासाने मंद माणूस कसा सुधारतो हे सांगताना 'मालविकाग्निमित्र' नाटकात त्याने याच फळाची उपमा दिली. आणि एका जुन्या संस्कृत वचनाचा आशय आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते म्हणते, निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते तिचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही.

आपल्या आजीने निवळीचे बी माठाच्या आतून घासलेले काहींना आठवत असेल. तुरटीचा खडा तर बहुतेक घरांत पाण्यातून फिरवला जाई. सुदानमधल्या बायका हेच काम शेवग्याच्या बियांनी करीत आल्या आहेत. हे घडते कसे? गढूळ पाण्यातले कण इतके बारीक असतात, की स्वतःच्या वजनाने ते खाली बसत नाहीत. शिवाय प्रत्येक कणावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते एकत्र येत नाहीत आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी विरघळली की हा दुरावा कमी होतो, आणि ॲल्युमिनियमचा बुळबुळीत, कापसासारखा साका तयार होतो. त्यात कण अडकतात, गठ्ठे होतात, जड होऊन तळाशी जातात. निवळीच्या आणि शेवग्याच्या बियांतले पदार्थही असेच कण एकत्र आणतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात अवश्य करा. काचेचे दोन पेले घ्या. दोहोंत सारखेच गढूळ पाणी भरा. एकात तुरटीचा खडा पाच-सात वेळा फिरवा आणि दोन्ही पेले हलवू नका. तासाभराने मुलांना फरक पाहू द्या. पण शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "हे पाणी प्यायला चालेल का?" मुले 'हो' म्हणतील. तिथूनच खरा धडा सुरू होतो.

निवळण्याच्या पुढची पायरी आपल्या महाराष्ट्रातल्या कारागिरांनी गाठली होती. त्यांनी पाणी घाण होऊच नये अशी तजवीज केली. पुण्याचे उदाहरण घ्या. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणण्याचे काम झाले. हे अंतर सुमारे दहा किलोमीटर. पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. तिथे हवा खेळे, गाळ खाली बसे आणि माणसाला उतरून तो काढता येई. मग हे पाणी शहरातल्या हौदांना जाई. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात मलिक अंबराने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर-ए-अंबरी आणली. तीही झाकलेलीच होती.

झाकलेल्या नळात काय साधते ते पाहा. आत ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही. पाणी चालते आहे, म्हणून कुजणे कमी. गाळाला बसायला जागा दिली आहे, म्हणून गढूळपणा कमी. अंधार, चाल आणि विसावा, ही ती तीन सूत्रे. सिल्व्हर पार्कच्या आपल्या तलावात पंप बंद पडला तेव्हा नेमके उलटे झाले: ऊन आहे, चाल नाही आणि गाळ काढणारा कोणी नाही.

पण श्रोतेहो, या सगळ्या शहाणपणाला एक मर्यादा होती. नितळ दिसणारे पाणी माणसे मारू शकते, हे डोळ्यांना दिसत नव्हते. जुनी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबी तलावाच्या नावातच धोबी आहेत. गोवालिया टँकच्या जागी आज ऑगस्ट क्रांती मैदान आहे. शहर वाढले, पाणी अपुरे आणि घाण झाले, तेव्हा १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आणले गेले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आले. जुने तलाव एकेक करून बुजले.

त्याच काळात जगात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यात होता. ज्या तळ्यात लोक धुणी धुवत आणि ज्याचे पाणीही पीत, अशा एका तळ्याच्या पाण्यात त्याला पटकीचा जंतू सापडला. पुढे १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना गाव त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी पीत होते, आणि तरीही ते बरेचसे वाचले. कारण एवढेच, की आल्टोनाचे पाणी वाळूच्या गाळणीतून येत होते आणि हॅम्बुर्गचे तसेच नदीतून.

वाळूची ही मोठी गाळणी लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन याने १८२९ मध्ये बांधली होती. तिच्यात पाणी सावकाश झिरपते. काही दिवसांनी वाळूच्या वरच्या थरावर एक चिकट साय धरते. त्या सायीत शेवाळ असते, इतर सूक्ष्म जीव असतात, आणि ही सायच रोगजंतूंना अडवते, खाऊन टाकते. पाहा, शेवाळ मुळात आपला वैरी नाही. हवेतल्या प्राणवायूचा मोठा वाटा पाण्यातल्या अशा हिरव्या जीवांनी दिलेला आहे. ते भलत्या ठिकाणी, भलत्या प्रमाणात वाढले की घात करते, इतकेच.

वस्त्राची गाळणीही कमी समजू नका. सुश्रुताच्या यादीतले वस्त्र आठवते ना? बांगलादेशातल्या खेड्यांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या चार-आठ पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी सुमारे निम्म्याने कमी झाली. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक पिसवांना चिकटून राहतात, आणि या पिसवा शेवाळ खाऊन वाढतात. आपल्याकडचा नारू हा रोगही पाण्यातल्या पिसवांतूनच येई. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरे, जखमेतून अळ्या पाण्यात जात, पिसवा त्या गिळत आणि ते पाणी पिणारा पुढचा रोगी होई. विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, पाणी गाळणे वाढले आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

इथे महाडची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर तळे 'बाटले' म्हणून काही मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ मध्ये. आता पाण्याच्या बाजूने विचार करा. माणसाच्या ओंजळीने पाण्याचे काही बिघडत नाही. शेण आणि दही मात्र शेवाळाचे आणि जंतूंचे आयते अन्न. शुद्धीच्या नावाने पाण्यात घाण पडली. पाणी कशाने बिघडते हे जात पाहून ठरत नाही, पाण्यात काय पडले ते पाहून ठरते.

आता औषधांकडे वळू. मोरचूद आपल्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. चुन्याबरोबर त्याचे बोर्डो मिश्रण करून आपण द्राक्षावर, सुपारीवर फवारतो. हाच मोरचूद अगदी थोड्या प्रमाणात टाकला तर जलाशयातले शेवाळ मरते, हे १९०४ मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी दाखवून दिले. पण मात्रा थोडी चुकली तर मासेही मरतात, आणि तांबे पाण्यातून सहज जात नाही. पोहणाऱ्यांचे फिकट केस हिरवट होतात त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात. खरा रंग या तांब्याचा असतो.

क्लोरीनची कथा याहून जुनी. १७७४ मध्ये शेले याने हा वायू प्रथम तयार केला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने त्याला नाव दिले ते ग्रीक शब्दावरून, आणि त्या शब्दाचा अर्थ 'फिकट हिरवा'! हिरव्याला घालवणाऱ्याचे नावच हिरवे. १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंट याने क्लोरीन चुन्यात बसवून पूड केली, ती कापड पांढरे करण्यासाठी. पिण्याच्या पाण्याला ती कामी यायला पुढे शंभर वर्षे गेली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीचे पाणी कायम क्लोरीन देऊन पुरवले जाऊ लागले, आणि मग जगभर तो रिवाज पडला. आपल्या ग्रामपंचायतीत जी टीसीएल पावडर येते ती याच पुडीची नात.

एवढे सामान बांधून आता सिल्व्हर पार्कच्या तलावाकडे परत चला. मुले अजून काठावर उभी आहेत.

क्लोरीनने शेवाळ मारले, पण मेलेले शेवाळ गेले कुठे? ते पाण्यातच आहे. कोट्यवधी मेलेल्या पेशी तरंगत आहेत, म्हणून पाणी पांढुरके दिसते. मारणे आणि काढणे ही दोन कामे आहेत, आणि राखणदाराने पहिलेच केले. दुसऱ्याचा क्रम असा. तलावाच्या फाटकाला कुलूप लावावे. पाने-कचरा जाळीने काढावा, भिंती आणि कोपरे ब्रशने घासावेत, कारण भिंतीला चिकटलेले शेवाळ औषधाला दाद देत नाही. पाण्याची आम्लता तपासावी. तिचा आकडा ७.२ ते ७.६ च्या दरम्यान असावा. तो फार वर गेला की क्लोरीनचा जोर ओसरतो. क्लोरीन सूर्यास्तानंतर द्यावा, कारण उन्हात तो भराभर उडून जातो. रात्रभर पंप आणि वाळूची गाळणी चालू ठेवावी, आणि गाळणी तुंबली की पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवावी.

एवढ्यानेही पाणी न निवळले तर आजीची तुरटी आहेच. ती विरघळवून पाण्यात सारखी मिसळावी, मग पंप बंद करून पाणी एक रात्र अगदी स्वस्थ ठेवावे. सकाळी तळाशी साका बसलेला दिसेल. तो नळीने हळूच ओढून बाहेर टाकावा. गाळणीतून फिरवला तर वाळू चोंदते. तुरटीने पाणी आंबट होते, म्हणून आम्लता पुन्हा तपासावी. आणि एक सक्त सूचना: निरनिराळ्या प्रकारच्या क्लोरीन पुडी एकमेकींत किंवा ॲसिडात कधीही मिसळू नयेत. विषारी वायू सुटतो, पेटही घेऊ शकते. पूड नेहमी पाण्यात टाकावी, पुडीवर पाणी ओतू नये.

मग मुलांना केव्हा सोडावे? काठावर उभे राहून तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे, आणि क्लोरीन नेहमीच्या मात्रेवर आलेला असला पाहिजे. तोवर नाही. कारण पांढुरक्या पाण्यात बुडालेले मूल वरून दिसत नाही. काठावर दहा माणसे उभी असतात आणि हाताच्या अंतरावर मूल तळाशी जाते. पाणी नितळ हवे ते शोभेसाठी नव्हे, तर बुडणारा डोळ्यांना दिसावा म्हणून.

आता आपल्या विहिरीकडे या. विहिरीला सिल्व्हर पार्कचा पंप नाही, पण सूत्रे तीच. झाडाची पाने पडू नयेत म्हणून वर जाळी. कपडे, भांडी, जनावरे यांचे पाणी आत परतू नये म्हणून ओटा आणि गटार. आणि वर्षातून एकदा गाळ उपसणे. मग टीसीएल. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाचा वर्ग ९, त्याला खोली ४ ने आणि ३.१४ ने गुणून ४ ने भागले की २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी. दर हजार लिटरला ताज्या पुडीचे अडीच ग्रॅम धरले, तर सुमारे ७० ग्रॅम पूड लागेल. हा आकडा कमीत कमी समजावा. पाण्यात शेवाळ असेल तर क्लोरीन आधी त्यातच खर्ची पडतो. आणि पुडीचे तोंड उघडे राहिले, ती दमट झाली, की तिचा जोर जातो. म्हणून पूड बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडावे, एक तास थांबावे आणि जलसुरक्षकाकडून क्लोरीनची तपासणी करून मगच पाणी भरावे. गावाला हिरवे कार्ड मिळाले की आपण आनंदतो. पण ते कार्ड भिंतीवरच्या कागदाने टिकत नाही, त्या बादलीने टिकते.

निवळीचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असे ते जुने वचन सांगते. आज निवळीच्या जागी तुरटी आली, क्लोरीन आला, पंप आला. वचन मात्र तेच लागू आहे. उद्या सकाळी शाळेत जाताना आपल्या विहिरीत एकदा डोकावून पाहा. पाणी हिरवे दिसते का, पांढुरके दिसते का, की नितळ? आणि नितळ दिसले, तरी त्याच दिवशी विचारा: शेवटची पूड केव्हा टाकली?